भोयरकाकांचं ‘या, या’

आमच्या समोरच्या घरातले भोयरकाका रोज संध्याकाळी गराजचं दार वर करतात, ड्राइव्हवेवर दोन खुर्च्या मांडतात, एकीवर स्वतः बसतात आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला हात हलवून म्हणतात, “या, या!”

प्रत्येकाला म्हणजे प्रत्येकाला. पार्सलवाल्याला, कुत्रा फिरवणाऱ्या बाईला आणि त्या कुत्र्यालाही. काका जगातल्या यच्चयावत प्राण्यांना अहोजाहो करतात, त्यामुळे कुत्र्यालाही ‘ये’ नाही, ‘या’च.

आता हे आहे फ्रिस्को, टेक्सस. इथे दूध आणायलाही गाडी काढावी लागते. शेजारी दिसतो तो गाडीच्या काचेमागे, तेही गराजमध्ये शिरताना. अशा गावात पायी चालणारं माणूस म्हणजे आधीच नवल. ते बिचारं काकांचं “या, या” ऐकतं, त्याला वाटतं आजोबा इंग्रजीतलं “येह्, येह्” म्हणतायत. तेही हसून “येह्!” म्हणतं आणि पुढे सटकतं. काका खूश.

“पाहा मॅडम, किती चांगली माणसं आहेत. आपण ‘या’ म्हटलं तर ते आपल्यालाच उलट ‘या’ म्हणतात. आता कोणी कोणाकडे जायचं, एवढंच ठरायचं आहे.”

मी डोंबिवलीची, त्यांच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान, तरी मीही ‘मॅडम’च. ऑफिसातून येताना गाडीची काच खाली करून मी ओरडायची, “वीकेंडला नक्की, काका!” वीकेंडला मुलीची सॉकर मॅच, कुणाचा तरी बर्थडे आणि धुण्याचा डोंगर असतो. हे मलाही माहीत होतं आणि काकांनाही.

काका मूळचे नागपूरचे, आता रिटायर्ड. काकू सध्या शिकागोला लेकीच्या बाळंतपणासाठी गेल्यात. लेक रोज फोन करते, “बाबा, कम हिअर ना!” काका म्हणतात, “तिथे पंधराव्या मजल्यावर मी कोणाला ‘या’ म्हणू? कबुतरांना?”

त्यांचं दुसरं वेड म्हणजे जर्मनी. अमेरिकेत यायच्या आधी कंपनीने त्यांना सहा महिने स्टुटगार्टला पाठवलं होतं. लग्न व्हायचं होतं, पहिलाच परदेश. आता मला सांगा, युरोपात नव्याने गेलेला मराठी माणूस काय करतो? आयफेल टॉवर चिमटीत धरून फोटो काढतो, स्वित्झर्लंडच्या बर्फात बसून पुरणपोळी खातो. काकांच्या बरोबरीच्या पोरांनी सगळं केलं. काका मात्र दर रविवारी ट्रेन आणि बस बदलून एकाच खेड्यात जायचे. गणपतीच्या पॉटलकमध्ये, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, कुणी ‘आमची युरोप ट्रिप’ काढली की काका ताट खाली ठेवतात. मग आम्हाला कळतं, आता किल्ला येणार.

“त्या गावात किल्ला आहे असं ऐकलं होतं. गेलो बाप्पा पहिल्याच रविवारी. एका घराच्या बागेत एक आजीबाई दिसल्या. मी बोट दाखवून विचारलं, किल्ला? इकडे? त्या म्हणाल्या, ‘या, या.’ म्हटलं काय माणुसकी आहे! अनोळखी माणसाला ‘या’! उघडलं फाटक, काढले बूट, बसलो बाकावर.”

इथे सगळे हसतात. जर्मन भाषेत ‘या’ म्हणजे ‘हो’, हे तोवर कुणीतरी नवख्याच्या कानात सांगून झालेलं असतं.

“आजीबाई पाहतच राहिल्या. मग आत गेल्या अन् आलूबुखाराचा केक घेऊन आल्या. हिल्डाआजी त्यांचं नाव. त्यांना इंग्रजी येईना, मला जर्मन. म्हटलं मग इंग्रजीत कायले अडकून राहायचं? मी सरळ मराठीत बोललो. त्या जर्मनमध्ये. चार वाजल्यापासून दिवे लागेपर्यंत.”

“आणि किल्ला?” कुणीतरी विचारतंच.

“तो राहिलाच नं!”

सहा महिने हा माणूस दर रविवारी किल्ला बघायला गेला आणि किल्ला न बघता परत आला. पॉटलकमध्ये हा किस्सा इथेच संपतो आणि आम्ही श्रीखंडाकडे वळतो.

गेल्या महिन्यात मात्र एक भानगड झाली. आमच्या भागात नको असलेलं सामान घराबाहेर ठेवायची पद्धत आहे, ज्याला हवं तो फुकट घेऊन जातो. एका संध्याकाळी एक पिकअप ट्रक काकांसमोर थांबला. आतला धिप्पाड गडी उतरला आणि रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाला, “फ्री?”

जर्मनीत म्हणे रिकामी जागा दिसली की ‘फ्राय?’, म्हणजे ‘मोकळी आहे का?’, असंच विचारून बसतात. काकांना वाटलं, आला! इतक्या वर्षांनी कुणीतरी बसायला आला! ते आनंदाने म्हणाले, “या, या!” गड्याने खुर्ची उचलली. काकांना वाटलं, सावलीत घेतोय. ते हात लावायला उठले. खुर्ची ट्रकमध्ये चढली, गडी “थँक यू, सर!” म्हणाला आणि गेला.

मी खिडकीतून सगळं बघत होते. पोट धरधरून हसले. नवऱ्याला बोलावून पुन्हा सांगितलं, पुन्हा हसले.

पण दुसऱ्या दिवशी गराजचं दार वर झालंच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी घरी येताना सवयीने काच खाली केली आणि “वीकेंडला” म्हणायला तोंड उघडलं, तर समोर कुणीच नाही. रस्ता अगदी ओकाबोका. मुलगी मागच्या सीटवरून म्हणाली, “आई, व्हेअर इज द या-या काका?”

सॉकर मॅचला नेतो ती घडीची खुर्ची डिकीत होती. घेतली काखोटीला आणि गेले समोर. बेल वाजवली.

“खुर्ची एकच उरली नं,” काका म्हणाले. “एकट्या खुर्चीवर बसलं की माणूस वॉचमन दिसतो.”

आम्ही दोघं बाहेर बसलो. त्यांनी चहा आणला. तिथून आमचं घर कसं दिसतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. बंद दिसतं.

“ती हिल्डाआजीची गोष्ट नं मॅडम, मी अर्धीच सांगतो,” काका म्हणाले. “कंपनीनं पुढे जर्मनचा क्लास लावला. पहिल्याच दिवशी समजलं, ‘या’ म्हणजे ‘हो’. अंगावर काटा आला. म्हणजे मला कोणी बोलावलंच नव्हतं! मी रस्ता विचारला अन् सरळ घरात घुसलो. लाजेनं त्या रविवारी गेलो नाही. पुढच्या रविवारी गेलो, माफी मागायला. डिक्शनरी उघडून कशीबशी मागितली. आजी आधी खूप हसल्या. मग म्हणाल्या, नवरा गेल्यापासून ते फाटक कोणी उघडलंच नव्हतं. गेल्या रविवारीही केक केला होता, म्हणाल्या. तसाच राहिला.”

काकांनी कप खाली ठेवला.

“मग मी सांगितलं, आमच्यात ‘या’चा अर्थ काय ते. तेव्हापासून त्या फाटकाशी उभ्या राहून मला ‘या, या’ म्हणायच्या. मराठीत. हेही शिकवलं होतं, की आम्ही निघताना ‘जातो’ म्हणत नाही. शेवटच्या रविवारी मी म्हटलं, ‘येतो.’ त्या म्हणाल्या, ‘या.’”

“मग गेलात पुन्हा?”

“कुठलं काय. लग्न, नोकरी, व्हिसा, पोरगी. दर वर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी नक्की.” ते हसले, पण डोळे भरले होते. “किल्ल्यासारखंच राहिलं.”

माझा चहा केव्हाच संपला होता, तरी मी कप तोंडाला लावला. रस्त्याने ती कुत्रेवाली बाई आली. काकांनी हात वर केला, “या, या!” आणि ती “येह्!” म्हणून गेली. आम्ही दोघंही हसलो.

अंधारून आलं तशी मी उठले.

“येते, काका.”

“या.” मग माझ्या खुर्चीला हात लावून म्हणाले, “अन् ही न्या नं मॅडम. नाहीतर कोणी पुन्हा ‘फ्री?’ म्हणून येईल.”

“राहू द्या इथेच,” मी म्हटलं. “कुणी विचारलं तर ‘नो’ म्हणून सांगा. ही जागा भरलेली आहे.”