विजेरी नगराच्या दोन पेट्या आणि दिवाणखान्यातील भिंत

श्री. वीज गेली तरी ज्याची कृपा जात नाही त्या मंगलमूर्तीस आरंभी नमन, आणि मग ऐकणारांस रामराम. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, भौमवारी जे वर्तले ते जैसे पाहिले तैसे लिहितो. राज्याचे नाव सांगू नये असा हुकूम, सबब सांगत नाही. राज्य म्हणावे तर चार खोल्या आणि एक दिवाणखाना, परंतु मिजास पातशाही! तेथे दोन बंधू राज्य करीत होते, थोरले श्रीमंत भवानराव आणि धाकटे श्रीमंत गुणाजीराव, आणि वडील लवकर कैलासवासी जाहले म्हणून थोरल्यांनी धाकट्यास लेकराप्रमाणे वाढविले, बोट धरून शाळेत पोचविले, तापात उशाशी बसले. ऐशा बंधूंत वैर कशाने पडावे? तर एका गेमने. हसू नका. भाऊबंदकीस याहून लहान कारणे पुरली आहेत.

गेमचे नाव ‘विजेरी नगर’. खेळ जुना, पडद्यावरचे ठोकळे डोळ्यांस टोचावे ऐसा. त्यात पुढील काळातले एक शहर, तेथे कंपन्याच राजे, माणसांच्या डोक्यात तारा, आणि आपण भाडोत्री शिलेदार होऊन गुत्त्यातल्या दलालाकडून कामगिरी मागावी आणि मग संगणकांचे किल्ले फोडावे. हा खेळ दोन कन्सोलांवर, म्हणजे टीव्हीस जोडावयाच्या खेळाच्या पेट्यांवर, दोन तऱ्हांनी निघाला, नाव एक आणि अंतरंग निराळे. करड्या पेटीवरचा थोरल्यांचा, काळ्या पेटीवरचा धाकट्यांचा. तिसरी आवृत्ती परमुलखी भाषेत होती, ती कोणासच वाचता येईना, म्हणून तिजवरून भांडण नव्हते. थोरले म्हणत, काळ्यात काही नाही, आणि धाकटे म्हणत, करड्यात काही नाही, आणि टीव्ही एकच, आणि मग बोलणे तुटले, आणि मग पंगत तुटली, आणि अखेर मसलत ठरली की दिवाणखान्यात मधोमध भिंत घालावी, टीव्ही दोन आणि चुली दोन. गवंडी बाबाजी घमेले घेऊन दारी उभा राहिला.

ऐशास धाकट्यांच्या राणीसाहेब सौभाग्यवती मैनाबाई. नव्यानेच लग्न होऊन आलेल्या. माहेरी एकुलत्या, भरले घर मिळावे एवढीच हौस, आणि येथे पाहतात तो घराचेच दोन तुकडे! त्यांच्या डोळ्यांस पाणी आले, मग राग आला, मग पदर खोचून दिवाणखान्यात आल्या आणि बोलिल्या, “दादासाहेब, भिंत खुशाल घाला. पण आधी दोघांनी एकमेकांची गेम खेळा. किल्ला न पाहता त्याची निंदा करणे तुम्हांस शोभते का?”

थोरले कडाडले, “पाहिला आहे! दोनदा गेलो. तो दलाल काम देत नाही, गुत्त्यातून हाकलून लावतो. मग नुसते रस्त्यावर हिंडत बसायचे. हा काय खेळ?”

धाकटे उसळले, “वा रे वा! माझा दलाल कशाला हाकलेल? हाकलतो तो तुमच्या करड्या पेटीतला!”

मैनाबाई थक्क जाहल्या. “म्हणजे दोघांसही हाकलले? अहो, बसा बरे दोघे माझ्यादेखत.” आम्ही जातीने चहाचा पेला घेऊन हजर होतो. थोरल्यांनी काळी कॅसेट हाती घेतली, रिवाजाप्रमाणे तीत फुंकर मारिली, खटकन बसविली, आणि गुत्त्यात शिरले. दलाल पुसता जाहला, ‘काम करशील?’ थोरल्यांचा अंगठा आपसूक उजव्या बटणावर गेला. दलाल म्हणाला, ‘मग चालता हो.’

“थांबा!” मैनाबाई ओरडल्या. “दादासाहेब, रोज पाहते मी, तुमच्या करड्या पेटीवर होकार उजवीकडे. काळ्या पेटीवर उजवीकडे नकार आहे! तुम्हीच त्यास नाही म्हणालात.”

थोरल्यांनी अंगठ्याकडे पाहिले. धाकट्यांनी करडी कॅसेट लावून पाहिली तो तीच गत, फक्त उलटी. दोघे आपापल्या सवयीने नकार देऊन आले आणि इतकी वर्षे बोल दलालास लाविले. काय म्हणावे या शहाण्यांस!

मग होकार दाबिला आणि नगराच्या वेशी उघडल्या. थोरले काळ्या नगरात घुसले, जी मिळेल ती कामगिरी, वाटेल तो रस्ता, टोळ्यांशी सलोखा नाहीतर मारामारी, आणि संगणकाच्या बुरुजावर चढून पहिली तिजोरी फोडिली तेव्हा “फत्ते! फत्ते!” ऐसे गर्जले की खालच्या मजल्यावरून लोक वर आले. मग पाळी धाकट्यांची. करड्या नगरी धावपळ थोडी आणि बोलणे फार, माणसागणिक एकेक शब्द मिळवावा आणि तो दुसऱ्यापुढे टाकावा तेव्हा कथा उलगडे, आणि संगीत ऐसे की धाकट्यांनी आपण होऊन टीव्हीचा आवाज वाढविला. मग हळूच म्हणाले, “दादा, तुम्ही मला हे एकदाही नीट दाखवले नाही.”

“गुण्या, तू तरी कुठे मला पाहू दिलेस?” थोरले जवळ सरकले. “माझेच चुकले रे. मोठा मी होतो.” आणि त्यांनी भावास कवेत घेतले, आणि मैनाबाई हसता हसता रडल्या.

बाबाजी दारातून म्हणाला, “साहेब, माल कालवू का?”

“हात धुवून आत ये,” थोरले बोलिले, “आणि पेढे खा.”

सारांश, काळी आवृत्ती मनगटाची, करडी मनाची, आणि श्रेष्ठ कोण म्हणून आम्हांस पुसाल तर करडी, परंतु हे त्या घरी बोलू नये. राज्य अखंड राहिले, चूल एक राहिली. बंधू अद्याप भांडतात, शेजारपाजारी ऐकू जाईल ऐसे भांडतात, परंतु आता एकाच गादीवर मांडीला मांडी लावून, आणि पाळी कोणाची एवढ्याचवरून. हे लिहिले ते खरे.