एप्रिल बावीस

ही गोष्ट मी माझ्या बायकोला, शैलालाही कधी सांगितलेली नाही. दिगंबर निमकरचं टपाल सात आठवडे उशिरा पोचलं, त्यात पोस्टाचा काहीही दोष नव्हता.

पण आधी निमकर सांगायला हवा.

ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. न्यू जर्सीत, प्रिन्स्टन जंक्शनच्या आसपास आमची दहा-बारा मराठी घरं होती. गणपतीला कोणी नवीन माणूस दिसला, की निमकर हात पुढे करून म्हणायचा, “मी निमकर. एप्रिल बावीस. तुमची?”

समोरच्याला वाटायचं, वाढदिवस विचारतोय. एका बिचाऱ्याने “सप्टेंबर नऊ” सांगितलं, तर निमकरने “कुठली कॅटेगरी?” म्हणून त्याला अर्धा तास पिळला. एप्रिल बावीस ही निमकरची ग्रीन कार्डाच्या रांगेतली तारीख. त्याचा अर्ज ट्रेंटनच्या सरकारी ऑफिसात ज्या दिवशी पोचला, तो दिवस. रांग तिथवर सरकली की कार्ड. तोवर बसायचं.

रांग कुठे आली हे कळायला वॉशिंग्टनचा एक फोन नंबर होता. टेपवर एक बाई देशांची नावं आणि तारखा वाचायच्या. टेप महिन्यातून एकदा बदले, निमकर रोज ऐके. त्यांना तो ‘आमच्या बाई’ म्हणे. मग शनिवारी सकाळी आठला, मी तोंडाला दाढीचा साबण फासलेला असताना, फोन.

“दादा, आज बाईंचा आवाज जड वाटला. सरकत नाही बहुतेक.”

“अरे, टेप आहे ती! कालचीच!”

“टेप कालचीच हो. पण ऐकणाऱ्याला कळतं.”

मी फोन ठेवून उरलेली दाढी करायला जायचो.

त्याच्या घरी बसायला दोन घडीच्या खुर्च्या. बाकी संसार खोक्यात. सेल लागला की वस्तू आणायचा आणि खोकं उघडायचा नाही. “कार्ड आल्यावर!” टीव्ही खोक्यात, मिक्सर खोक्यात, निळ्या फुलांचा डिनर सेट खोक्यात. त्याच खोक्यावर कागदी डिश ठेवून वरणभात खायचा.

“भाऊजी, निदान ताटं तरी काढा,” शैला एकदा म्हणाली.

“वहिनी, सेट दोघांचा आहे. एकट्याने कसा फोडू?”

दुसरी मिरजेला होती. सुमती, शाळेत गणित शिकवायची. लग्न ठरलेलं होतं. पण अर्ज केल्यावर भारतात जायचं म्हणजे परतीच्या व्हिसासाठी मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये उभं राहायचं. आणि तुम्हाला तर तिकडे कायमचंच राहायचंय, असं म्हणून त्यांनी नकार दिला तर? नोकरी गेली, रांग गेली. म्हणून कार्ड हातात घेऊनच जायचं, असं निमकरने ठरवलं. सुमतीच्या वडिलांनी तीन वर्षांची मुदत दिली होती.

त्याचा सगळा राग पोस्टमनवर. “अर्जावर साहेबाची सही मार्च चारची. पोचला एप्रिल बावीसला! इथून ट्रेंटन बारा मैल, दादा. बैलगाडीने नेला काय?” पोस्टमन बिचारा “मॉर्निंग!” म्हणायचा आणि हा भिंतीकडे तोंड करायचा. पोस्टाला चार तक्रारी लिहिल्या. प्रत्येकीचा मसुदा मला वाचून दाखवला.

“‘अक्षम्य हलगर्जीपणा’ला इंग्रजीत कडक काय होईल?”

मी त्याला कडक शब्द सुचवला.

त्याचं असं झालं, की माझं कार्ड वर्षाच्या आत आलं होतं. तेवढ्यावरून माझ्या हाताला गुण आहे असं आमच्या मंडळींनी ठरवून टाकलं. अर्ज पेटीत टाकायचा तो मनोहरदादांच्याच हातून. लोक पाकिटं घेऊन घरी यायचे, शैला कोपऱ्यावर हळदकुंकवाचं बोट लावायची, मी चहा पिऊन पेटीत टाकून यायचो. निमकरच्या बिल्डिंगखालीच पेटी होती, तरी तो पाच मैल माझ्याकडे आला. बाहेर बर्फ पडत होता. नंतर टाकू म्हणून मी पाकीट गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवलं.

एप्रिलमध्ये बॉस्टनला जाताना नकाशा काढायला गेलो, तर हळदकुंकवाचं पाकीट हातात आलं. शैला कॉफी आणायला गेली होती. समोर पेटी होती. टाकलं. ती आल्यावर कॉफी प्यायलो.

पुढे बाईंची तारीख सरकत सरकत मार्च तीसला आली आणि चौदा महिने तिथेच बसली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात अर्ज पोचलेल्यांची कार्डं घरी आली.

“फक्त तेवीस दिवस, दादा!” निमकर फोनवर म्हणायचा. मी त्याच्यावर खेकसायचो. “मला काय सांगतोस? माझ्या हातात आहे का ते?”

एका शनिवारी आठला फोन आला नाही. दहाला निमकर स्वतः आला, डिनर सेटचं खोकं छातीशी धरून.

“वहिनी, हा तुम्ही वापरा. सुमतीचं लग्न झालं. साताऱ्याचे आहेत. चांगले आहेत म्हणे.”

शैलाने खोकं त्याच्या हातातून घेतलं. निमकरने खिशातून एक पाकीट काढलं.

“आणि दादा, हे आमच्या ऑफिसातल्या रेड्डीचं. त्याचीही कोणीतरी तिकडे थांबलीय. पोस्टाचा भरवसा नको. तुम्ही स्वतः ट्रेंटनला नेऊन द्याल? तुमच्या हातून जाऊ दे.”

सोमवारी रजा टाकली आणि ऑफिस उघडायच्या आधी तासभर ट्रेंटनच्या दारात उभा राहिलो.

निमकरचं कार्डही यथावकाश आलं. तो आता टेक्सासला असतो, प्लेनोत. एकटा. दिवाळीला फोन करतो आणि पोस्टाला न चुकता शिव्या घालतो. आमच्याकडे पाहुणे आले की निळ्या फुलांची ताटं निघतात. मी स्टीलचं घेतो.

निमकरचे सात आठवडे मी देणं लागतो, ते आता फेडता येणार नाहीत. त्या पोस्टमनचा काही दोष नव्हता, एवढं निमकरला सांगणं लागतो. तेही अजून सांगितलेलं नाही.