अकरा रजयांखालची मोटरसायकल

हिवाळ्यात मोटरसायकल कशी ठेवायची, हे अख्ख्या नारीन गावात माझ्याइतकं कुणाला कळत नाही. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढची हकिगत ऐकून तुमचा गैरसमज व्हायचा. पंचवीस वर्षं मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवतोय. गंज का चढतो, तेल का गोठतं, बॅटरी थंडीत मान का टाकते, सगळं मला मुळापासून ठाऊक आहे. फक्त माझ्या मोटरसायकलला ते ठाऊक नव्हतं.

दर ऑक्टोबरात मी तिला सरपणाच्या खोपटात ठेवायचो आणि एप्रिलमध्ये ती सुरू व्हायची नाही. मेमध्येही नाही. एका वर्षी उंदरांनी सीट खाल्ली, पुढच्या वर्षी वायरी. सोव्हिएत काळातलं धूड ते, बाजूला माणूस बसायचा डबा जोडलेला. जूनच्या मध्यावर एकदाची खोकत खोकत चालू व्हायची आणि सप्टेंबरात पुन्हा रुसायची.

"दाजी," माझा मेहुणा तुराट म्हणायचा, "तुमची गाडी फुलपाखरासारखी आहे. वर्षभर कोषात, आणि उडायला लागली की संपलंच."

तुराटकडे जीप आहे. जीपवाल्या मेहुण्याचा विनोद जरा जास्तच झोंबतो. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की यंदा एप्रिलच्या पहिल्या तारखेला, पहिल्या किकला गाडी सुरू करून दाखवीन.

आणि मी तयारी केली. इंजिन तापवून जुनं तेल काढलं, नवं भरलं. कार्बुरेटर रिकामे केले. दोन्ही सिलिंडरांत चमचा चमचा तेल सोडलं. आतून गंज चढू नये म्हणून पेट्रोलची टाकी काठोकाठ भरली, इतकी की झाकण लावताना बोटं ओली झाली. उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या दोन्ही धुराड्यांत चिंध्या ठासल्या. मग ग्रीसचा डबा घेऊन प्रत्येक नट चोळत बसलो.

"एवढं तेल माझ्या गुडघ्यांना कधी चोळलं नाहीत," माझी बायको अनारकुल म्हणाली.

"तुझे गुडघे गंजत नाहीत."

त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. त्या दोन दिवसांचा मी फायदा घेतला. खोपट ओलं, खोपटात उंदीर. घरात कोरडी, बंद आणि वर्षातून चारदाच उघडणारी जागा एकच, पाहुण्यांची खोली. हिवाळ्यात तिथे आम्ही शेगडीही पेटवत नाही. बाजूचा डबा सोडवून खोपटात ठेवला. दाराचं पान उतरवलं, तुराटला हाताशी घेतलं आणि मोटरसायकल आत घेऊन दारासमोरच्या भिंतीशी लाकडी ठोकळ्यांवर चढवली. तुराट वाटभर हसत होता, पण ढकलत होता.

अनारकुल बोलायला लागली ती थेट किंचाळूनच.

"खोलीत रजयांची चळत असते, मोटरसायकल नाही! माणसं काय म्हणतील?"

आमच्याकडे भिंतीला लावलेली रजयांची चळत जितकी उंच, तितकं ते घर तालेवार. मी शांतपणे म्हटलं, "मग चळत तिच्यावर रचू." आणि रचली. घरातल्या अकराच्या अकरा रजया, काही अंगावर पांघरून, काही टाकीवर आणि सीटवर घड्या घालून. वरून भरतकामाची चादर. चळत छताला टेकली. अनारकुल दारात उभी राहून बघत राहिली. आमच्या घरात एवढी उंच चळत तिने लग्न झाल्यापासून पाहिली नव्हती. संध्याकाळी ती शेजारणीला दाखवायला घेऊन आली. लांबूनच.

सगळं सुरळीत चाललं होतं. जानेवारीत एका रविवारी सकाळी फोन आला. आमच्या मुलीचं, मेरिमचं, नदीच्या खालच्या अंगाला, बारा किलोमीटरवरच्या गावातल्या मुलाशी जुळलं होतं. मुलगा घाटातला बर्फ काढायचं यंत्र चालवतो, त्यामुळे हिवाळ्यात कुठल्याच समारंभाला हजर नसतो, स्वतःच्याही नाही. फोनवर त्याचे वडील एसेनगुल होते. "आम्ही निघालोय. आई पण आहे. कानातले घेऊन येतोय."

मुलाकडच्या बाईने मुलीच्या कानात कानातले घातले की सोयरीक पक्की. बाहेर उणे चौतीस. मोटरसायकल बाहेर काढायला वेळ नव्हता. अनारकुलने पाहुण्यांच्या खोलीतली शेगडी पेटवली आणि मला सांगितलं, "तुम्ही फक्त गप्प बसायचं."

पाहुणे आले. एसेनगुल म्हणजे कोल्ह्याच्या कातड्याची टोपी घातलेला, रुंद खांद्यांचा, मोजकं बोलणारा माणूस. त्याची आई, बुरुल आजी, ऐंशीच्या पुढच्या, सुकलेल्या जर्दाळूएवढ्या, पण डोळे घारीचे. त्यांनी खोलीत पाऊल ठेवलं आणि चळतीकडे पाहतच राहिल्या.

"भरलेलं घर आहे," त्या म्हणाल्या.

अनारकुल लाजली. मी गप्प बसलो.

मानाची जागा अर्थातच चळतीपुढची. आजी बसल्या आणि मागे टेकल्या. कुठेतरी पाय ठेवायच्या दांडीने त्यांना बरगडीत ढोसलं असणार.

"रजया कडक आहेत गं तुमच्या."

"लोकर नवी आहे, आजी," अनारकुल म्हणाली.

तुराट दाराशी बसला होता. त्याने तोंडात एकदम दोन बोर्सोक कोंबले. हसू दाबायला तळलेल्या कणकेच्या बोर्सोकांइतकं चांगलं दुसरं काही नाही.

चहा झाला, साय झाली, जॅम झाला. मटण शिजत होतं. शेगडी रसरसली होती, खोली छान तापली होती. आणि मला आवाज आला. टप. थोड्या वेळाने पुन्हा, टप.

वस्तू तापली की प्रसरण पावते. घन कमी, द्रव जास्त. आठवीच्या वर्गाला मी हे दर वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवतो. गोठलेल्या खोलीत काठोकाठ भरलेली टाकी तापल्यावर काय करील, हा प्रश्न मी परीक्षेतसुद्धा घातलाय.

आजींनी नाक वर केलं. "कसला वास येतोय?"

"रजईवर डाग पडला होता," अनारकुल म्हणाली. "पेट्रोलने पुसला."

"मोठा डाग असणार."

"मोठाच होता, आजी."

एसेनगुलने हसून मान हलवली. त्याने कोटातून कानातल्यांची मखमली डबी काढून मांडीवर ठेवली. मेरिमला बोलावणं गेलं. आता शुभ बोलायचं, त्याआधी जरा दम घ्यावा म्हणून त्याने सिगारेट ओठात धरली आणि पेटवली.

मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलो होतो. तिथून त्याच्यापर्यंत कसा पोचलो ते मला अजून आठवत नाही. चहाच्या कपांवरून गेलो एवढं नक्की. मी ती सिगारेट त्याच्या तोंडातून काढली आणि त्याच्याच चहात बुडवली. चुर्र झालं.

एसेनगुलने आधी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मास्तर," एसेनगुल सावकाश म्हणाला, "तुम्ही माझ्या तोंडातली सिगारेट काढलीत."

"हो."

"आणि माझ्या चहात टाकलीत."

"हो."

"का?"

"तुमच्या आईंच्या पाठीमागे अठरा लिटर पेट्रोल आहे."

मी शेगडीचं दार लावलं, खिडकी उघडली आणि वरची चादर ओढली. एकेक रजई उतरत गेली तशी खालून आधी आरसा आला, मग हँडल, मग टाकी, झाकणाच्या भोकातून थेंब थेंब गळणारी. आजी वळून बघत होत्या. मेरिम किटली घेऊन दारात उभी होती, तिचा चेहरा मला बघवेना.

"आम्हाला मान देऊन बसवलं कुठे," एसेनगुल म्हणाला, "तर पेट्रोलच्या टाकीला टेकून." त्याने डबी परत कोटात टाकली.

अनारकुल डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसत होती, आणि ते पेट्रोलच्या वासाने नव्हतं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. गावाकडून शेजारी बोलत होता. बुरुल आजींची गाय, पहिलटकरीण, अडली होती. कुणालाच जवळ येऊ देत नव्हती, दोघांना लाथा मारून झाल्या होत्या. ती गाय फक्त आजींचं ऐकते. आजी आधीच उठून शाल गुंडाळत होत्या.

बाहेर त्यांची गाडी सुरू झाली नाही. डिझेलची चरबी झाली होती. तुराट म्हणाला, "जीप कशाला आहे?" आणि ऐटीत जाऊन चावी फिरवली. जीप एकदा कण्हली आणि गप्प झाली. टॅक्सीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, मी स्वतः गाडीखाली आहे, स्टोव्ह घेऊन. गल्लीत एकही गाडी बोलत नव्हती.

आजी अंगणात काठी टेकून उभ्या होत्या. "ती आतली," त्या मला म्हणाल्या, "चालते का?"

"ती जूनमध्ये चालते, आजी," तुराट म्हणाला.

"तुला नाही विचारलं."

मी म्हटलं, "चालते."

दाराचं पान उतरवलं. टाकी पुसली, पेट्रोलचा नळ उघडला. मी, तुराट आणि कपाळाला आठ्या घातलेला एसेनगुल, तिघांनी मिळून गाडी अंगणात आणली. तिघांनीच डबा जोडला, चार बोल्ट. बोल्ट लोण्यासारखे फिरले, कारण ग्रीस. शेजारी कुंपणावरून माना काढून बघत होते. मी किक मारली. काही नाही.

"जून," तुराट म्हणाला, आणि वाकून मागे धुराड्यात बघायला लागला. "दाजी, हे आत काय..."

मी दुसरी किक मारली. तोफेसारखा आवाज झाला. दोन्ही चिंध्या बिळातून मार्मोट उडी मारतो तशा बाहेर आल्या. एक कुंपणापलीकडे गेली, दुसरी तुराटच्या छातीवर. मागोमाग निळाकाळा धूर. धूर विरला तेव्हा तुराटचे फक्त डोळे पांढरे होते, आणि माझी मोटरसायकल चालू होती. सकाळपासून शेगडीजवळ बसलेलं इंजिन, नवं तेल, भरलेली बॅटरी. टुक टुक टुक, घड्याळासारखी. उणे चौतीसला! कुंपणावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

आजींना डब्यात बसवलं. अनारकुल आतून रजया घेऊन धावत आली. दोन खाली, चार अंगावर, आजींचं नाक तेवढं बाहेर. सातवी एसेनगुलने डोक्यावरून घेतली आणि तो माझ्या मागे बसला.

त्या दुपारचा आमचा रस्ता मी मरेपर्यंत विसरणार नाही. चौकात सगळ्या गाड्या बॉनेटवर घोंगड्या पांघरून उभ्या, माणसं त्यांच्याखाली स्टोव्ह लावून पालथी पडलेली. आम्ही मधून गेलो. आमचे मुख्याध्यापक आपल्या मेलेल्या गाडीशेजारी उभे होते, त्यांनी टोपी काढली. त्या थंडीत टोपी काढणं म्हणजे काय ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल. नदीकाठच्या बर्फावर डबा जरा सरकायचा, तेव्हा आजी रजयांतून ओरडायच्या, "जोरात, मास्तर, गाय थांबायची नाही."

गावाच्या तोंडाशी पाण्याच्या पंपावर बायका होत्या. त्यांनी पाहिलं ते असं: मुलीचा बाप स्वतः मोटरसायकल चालवतोय, मागे मुलाचा बाप, आणि डबा रजयांनी शिगोशीग भरलेला.

"सुनेचं आंदण आलं गं," एक ओरडली.

बादल्या तिथेच राहिल्या. कुणी घरातून गोळ्या आणल्या, कुणी बोर्सोक, आणि मुठी भरभरून आमच्यावर उधळल्या. बायका रजयांना हात लावून बघत होत्या. "लोकर बघा." "टाके बघा." एसेनगुलने तोंड उघडलं. त्याला सांगायचं होतं की हे आंदण नाही, सोयरीक झालेली नाही, आम्ही अपमान होऊन परत आलोय. पण बारा किलोमीटरच्या वाऱ्याने त्याचे ओठ गोठले होते. "बब्ब," तो म्हणाला. बायकांना वाटलं, आनंदाने बोलवत नाही बिचाऱ्याला.

मी आजींकडे पाहिलं. त्यांचं तोंड रजईत उबदार होतं, त्यांना बोलता येत होतं. त्या काही बोलल्या नाहीत. काठी घेऊन गोठ्याकडे गेल्या.

एसेनगुलचे ओठ सुटेपर्यंत अर्ध्या गावाने त्याच्या घरात चहा घेतला होता आणि पाच म्हाताऱ्यांनी आशीर्वाद दिले होते. शेवटी तो माझ्याकडे वळला. "मास्तर, आंदण आधी आणि कानातले मागून, असं कुठे असतं?"

बुरुल आजी दारात उभ्या होत्या, बाह्या कोपरापर्यंत वर, हात ओले. "आपल्याकडे," त्या म्हणाल्या. "आजपासून. कालवड झालीय. पुढच्या रविवारी मला न्यायला या, मास्तर. मी त्या डब्यातूनच येणार आहे, कानातले माझ्याजवळ द्या."

एसेनगुलने कोटातून डबी काढून आईच्या हातात दिली आणि माझ्यासमोर नवा चहा ठेवला. स्वतः सिगारेट पेटवायला मात्र बाहेर गेला.

मी उजेड होता तोवर घरी परतलो, हॉर्न वाजवत. मेरिम धावत आली आणि माझ्या बर्फाळ कोटाला बिलगली. तुराटने तोंड धुतलं होतं, पण कानांच्या मागे काजळी तशीच होती. त्याने मोटरसायकलकडे बघून, अगदी हळू आवाजात, "मानलं, दाजी," म्हटलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

अनारकुल हसत पुढे आली आणि तिने डब्यात डोकावून पाहिलं.

"माझ्या रजया कुठेयत?"

"त्या... आंदणात गेल्या."

"सातही?"

आंदण एकदा मुलाच्या उंबऱ्याआत गेलं की परत मागत नाहीत. हे मला अनारकुलने सांगितलं. बराच वेळ सांगितलं.

त्यामुळे सध्या शाळा सुटली की मी आणि तुराट खोपटात समोरासमोर बसून काठ्यांनी लोकर झोडतो. तिसरी रजई भरून झाली, चार राहिल्यात. मोटरसायकल पाहुण्यांच्या खोलीत आहे, टाकी अर्धी भरलेली. व्याह्यांचं बोलावणं कधीही येईल म्हणून अनारकुल तिथे रोज सकाळी शेगडी पेटवते.

खोपटात शेगडी नाही.