पौर्णिमेची कोर

दौलतराव व्याही होणार हे जवळजवळ ठरलं होतं, पण सुपारी अजून फुटली नव्हती, आणि ती फुटेपर्यंत जानरावाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. त्याच्या मुलीला, मथुरेला, तेविसावं लागलं होतं. दोन स्थळं आली, चहा पिऊन गेली. तिसरा दौलतरावांचा हिरालाल, दुर्ग स्टेशनातला तिकीट कलेक्टर. तो मुलगी पसंत करून गेला होता. चैत्र वद्य पंचमीचा मुहूर्तही तोंडी ठरला होता. आणि आज, हनुमान जयंतीच्या संध्याकाळी, दौलतराव काखेत पंचांग मारून भिलाईला जानरावाच्या नव्या कोऱ्या क्वार्टरात येऊन बसले.

“जानरावजी, पंचमी नाही जमत. शुक्राचा अस्त होऊन गेला.”

जानरावाची बायको सत्यभामा लाडवांची बशी घेऊन दारातच थबकली. “कधी जी?”

“परवा. अस्तात लगीन म्हंजे सिग्नल न पडता गाडी सोडणं. तीस वर्सं रेल्वेत काढले मी. मले नाही जमत.”

“मंग कधी?”

“पाहू. आता पोराची खात्याची परीक्षा. मंग पाऊस, मंग चातुर्मास. दिवाळी होऊ द्या, पाहू.”

आधीची दोन्ही स्थळं ह्याच ‘पाहू’च्या वाटेनं गेली होती. सत्यभामेनं नवऱ्याकडे पाहिलं. जानरावानं हात जोडायचे, पाय धरायचे, काहीही करायचं. पण तो पडला प्लांटातला फिटर. भंगारातली नळी आणि दुर्गच्या चष्मेवाल्याकडच्या काचा जुळवून त्यानं वर्षभर खपून दुर्बीण केली होती आणि रोज दिवेलागणीला तो आंगणात आभाळ बघत असे. त्याच्या तोंडून खरं तेच निघालं.

“अस्त कुठचा? मी काल पाहिला ना शुक्र!”

“पंचांगापरीस तुमचे डोळे मोठे हायेत काय?”

“डोळे नाही जी, नळी मोठी हाये. चला आंगणात.”

सूर्य नुकताच कारखान्याच्या चिमण्यांमागे गेला होता. प्लांटच्या धुरानं पश्चिम इतकी मळलेली होती की नुसत्या डोळ्यांना तिथं काहीच दिसत नव्हतं. जानरावानं स्टुलावर विटा रचल्या, नळी टेकवली, बराच वेळ इकडेतिकडे हलवली आणि म्हणाला, “पाहा.”

दौलतरावांनी एका डोळ्यावर तळवा दाबला आणि वाकले. मग ताठ झाले. पूर्वेकडे पाहिलं. पुन्हा वाकले. पुन्हा पूर्वेकडे पाहिलं.

“जानरावजी, हा तं चंद्र हाये.”

“चंद्र कसा राहीन? शुक्र हाये थो.”

“मले चंद्र समजत नाही? नखावानी कोर हाये! अन् तिकडं पाहा, पुनवेचा गोल निघून राहिला. एका आभायात दोन चंद्र? कोनाले उल्लू बनवून राहिले?”

जानरावाला चेव आला. शुक्रालाही कला असतात हे त्यानं समजावायला घेतलं. कंदील म्हणजे सूर्य, बशीतला लाडू म्हणजे शुक्र. “आता शुक्र आपल्या अन् सूर्याच्या मधात आला. म्हून कडाच तेवढी उजयते.” लाडू दौलतरावांनी हातात घेतला, निरखला, आणि ऐकता ऐकता अर्धा खाल्ला.

“म्हंजे असा?” हातातला तुकडा दाखवत ते म्हणाले. “भंगलेला? अशा तुटक्या शुक्रावर मी पोराचं लगीन लावू? त्यापरीस अस्त परवडला!”

सत्यभामेनं नवऱ्याला कोपऱ्यात ओढलं. “कावून वाद घालता? चंद्र म्हना अन् मिटवा.”

जानराव नळीपाशी परत आला. “हो जी. नळीच खराब हाये. चंद्रच असन.”

“मंग शुक्र नाही दिसला?”

“नाही.”

“म्हंजे अस्त झाला. तुमच्याच तोंडानं.”

दौलतराव तुटका शुक्र नीट बघून घ्यावा म्हणून पुन्हा नळीला डोळा लावून बसले. तेवढ्यात मारुतीच्या देवळाकडे निघालेले नरहरीबुवा कुंपणाशी थांबले. बुवा कीर्तनाला उभे राहिले की माणूस दिवसभराचा शीण विसरायचा. गेल्याच आठवड्यात त्यांनी वामनाचं आख्यान रंगवलं होतं: बळीच्या दानाचं पाणी अडवायला शुक्राचार्य झारीच्या तोटीत जाऊन बसतात आणि एक डोळा गमावतात. बुवांच्या डोक्यात अजून तेच घोळत होतं. नळीला एक डोळा लावलेले दौलतराव दिसले आणि त्यांच्या तोंडून प्रेमानं निघून गेलं, “वा! झारीतले शुक्राचार्य सापडले म्हणायचे!”

दौलतराव इतक्या झटक्यानं उठले की कपाळ नळीवर आपटलं.

“मी झारीतला शुक्राचार्य? पोरीच्या लग्नात मी आडवा बसलो? घरी बोलावून इज्जत काढता?”

“अहो, मी त्या नळीतल्या...”

पण दौलतराव टोपी घालून फाटकाबाहेर पडले होते. पंचांग मात्र विसरले नाहीत.

त्या रात्री बुवांचं कीर्तन रंगलंच नाही. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी सांगितलं, “माझ्या जिभेनं घात केला. मथुरेचं जुळेपर्यंत मी अन्न घेणार नाही.” ते रोज यायचे, ओसरीवर बसायचे, पाणी तेवढं प्यायचे आणि दिवसेंदिवस वाळत चालले. मोडलेल्या लग्नाचं दुःख करावं की बुवांना जगवावं, हे सत्यभामेला कळेना.

चौथ्या दिवशी पोस्टमन आला. मथुरेनं कार्ड मोठ्यानं वाचलं. चिरंजीव हिरालाल, राजनांदगावच्या एका ठेकेदाराची कन्या, चैत्र वद्य पंचमी, गोरज मुहूर्त. खाली दौलतरावांच्या हातचं होतं: ‘राग विसरून अवश्य यावे.’

“अन् अस्त?” सत्यभामेनं विचारलं.

“आपल्यापुरताच होता,” जानराव म्हणाला.

मथुरेनं कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. चार रंग होते, गणपतीला सोनेरी वर्ख होता. असं कार्ड छापून यायला पंधरा दिवस लागतात हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ती आत गेली, ताटात दोन भाकरी आणि पिठलं घेऊन आली आणि ओसरीवर बुवांच्या पुढ्यात ठेवलं.

“जेवा, बुवा. तुमच्यानं नाही मोडलं.”