न संपणाऱ्या गाण्याची मोहीम, प्रांत काराकोल

वाचक राजमान्य राजश्री यांचे सेवेसी विज्ञापना ऐसी जे, साहेबी पुसिले, काराकोल मुक्कामी सातिबाल्दी आजोबांचे जेवणावळीत मांस शिजण्याआधीच अवघी पंगत उठली आणि बसली, बसली आणि उठली, हा काय प्रकार, आणि त्या गर्दीत एका गिटारीचा जीव कैसा वाचला, ते साद्यंत लिहून पाठवावे. त्यास, सेवक त्या घराचे भिंतीस भिंत लावून बहुत वर्षे राहतो, त्या घरचे बूरसोक, म्हणजे तळलेले पिठाचे गोळे, खाऊन अंगाने सुटला आहे, आणि भिंत पातळ असल्याकारणे काही लपलेले नाही. जे पाहिले ते लिहिले, जे पाहिले नाही ते अधिक खात्रीने लिहिले.

खासा उलुकमान हा सातिबाल्दी यांचा नातू, वय लग्नाचे, केस खांद्यापर्यंत, गिटारीत निपुण. तिकडील बोलीत आईस आपा, काकांस आके आणि आजोबांस चोंगाता म्हणतात. पूर्वी त्याचे पदरी फौज होती. ढोलवाला होता, तो मॉस्कोस इमारती बांधावयास गेला. आणि जाड तारांची गिटार वाजविणारा होता, तो नारिनकडील मुलीशी लग्न करोन सासऱ्याचे मेंढ्यांत कायमचा दाखल जाहला. मग एकट्याने मुलूख कैसा राखावा या फिकिरीत असता खाशांनी बाजारातून लूप पेडल नामे यंत्र पैदा केले. ते म्हणजे लोखंडाची लहान पेटी, पायाने दाबावयाची. एकदा दाबिली की तांबडा दिवा लागतो आणि पेटी ऐकू लागते. पुन्हा दाबिली की हिरवा दिवा लागतो आणि ऐकिले ते बोलू लागते, आणि बोलतच राहते. फिरून दाबिली तर त्यावर आणखी थर चढतो, आणि झटकन दोनदा दाबिली तरच गप्प होते. पोटात जागा एकाच गोष्टीपुरती. नवे भरावयाचे तर पाय दाबून धरोन जुने आधी पुसावे लागे. या पेटीत खाशांनी गिटारीचे अंगावर थापा मारून ढोल भरावा, त्यावर जाड तारा भराव्या, त्यावर बारीक, आणि मग मधोमध एकटे उभे राहून पाच असामींचा आवाज करावा.

परंतु यंत्रात एक दगा होता. चार ओळींचा तुकडा भरला की तो फिरत राही, आणि फिरता फिरता ऐसा गोड लागे की पुढे जावे हे खाशांस सुचेना. हिवाळा गेला, जर्दाळूंस फुले आली आणि गळाली, आणि गाण्याचे कडवे पहिलेच. एके दिवशी मातोश्री गुलसाना यांनी स्वयंपाकघरातून हाक मारली, ती मायक्रोफोनातून पेटीत शिरली आणि तालावर फिरू लागली. “उलुकमान, चहा निवला रे! उलुकमान, चहा निवला रे!” तेव्हा मातोश्री हाती पळी घेऊन खुद्द चालून आल्या.

“मी एकदाच म्हटलं होतं! सारखी काय ओरडतीये मी?”

“आपा, तू नाही, पेटी ओरडतीये.”

“मग पेटीलाच पाज चहा.”

ही वार्ता काका जोल्दोश यांचे कानी गेली. काका मोठे कर्ते पुरुष, बाजारात टायरांचे दुकान, आवाज ऐसा की ट्रक मागे सरावा. त्यांनी हुकूम फर्माविला की, आजोबांचा तोय, म्हणजे वाढदिवसाची मोठी जेवणावळ, जवळ आला आहे. त्या दिवशी उलुकमानने अवघ्या गोतावळ्यासमोर एक गाणे म्हणावे, जे सुरू होते आणि संपतेही. संपविले तर गिटार त्याची आणि मर्जी त्याची. न संपविले तर गिटार माळ्यावर, केस न्हाव्याकडे, आणि खासा दुसरे दिवशी टायरांचे दुकानी रुजू.

“आके, गाणं म्हणजे काय टायर आहे? हवा भरली की झालं?”

“टायर निदान कुठंतरी पोचवतो. तुझं गाणं जागच्या जागी फिरतंय.”

हे बोल सेवकास भिंतीपलीकडे झोंबले, कारण ते खरे होते. मग खाशांनी शेवटाचा शोध आरंभिला, आणि पेटी मध्येच गप्प करोन पाहिली, तर वीज गेल्यासारखे वाटे. आणि वेग हळूहळू उतरवून पाहिला, तर पेटी आपला वेग सोडीना आणि खासा एकटाच मागे राही. त्या दिवसांत नुसता रबराचा वास आला तरी त्यास रडू येई. शेवट काही हाती लागेना, आणि तोयचा दिवस उजाडला.

अंगणात मंडप पडला, पाहुणे जोडे बाहेर काढून दस्तरखानाभोवती, म्हणजे जेवणाकरिता पसरलेल्या वस्त्राभोवती, बसले, आणि मागल्या बाजूस काका स्वतः पळी घेऊन घोड्याच्या मांसाचे कढईवर पहारा देऊ लागले. येथे एक रिवाज ध्यानी धरावा. जेवणाअंती घरचा वडील बाता देतो, म्हणजे आशीर्वाद. त्याचे शेवटी “ओमीन” म्हणोन सर्वांनी दोन्ही तळवे तोंडावरून फिरवावे, आणि उठावे. एकदा ओमीन जाहले की ताटात काय का असेना, घासास हात लावणे नाही. आणि वडील बाता देत असता त्यांस तोडणे, ऐसा बेअदब इसम काराकोलात अद्याप जन्मला नाही.

मग खासा उभा राहिला आणि थापा भरल्या, जाड तारा भरल्या, बारीक भरल्या, आणि पहिले कडवे गायिले, आणि मंडळी डोलू लागली. मग तेच कडवे फिरून गायिले. मग फिरून. डोलणे थांबले, जांभया सुरू जाहल्या, आणि बुरुल मावशी, जी कोणाची भीड ठेवीत नाही, ती मोठ्याने वदली, “अगंबाई, याला घाण्याला जुंपलाय का?” तेव्हा मंडप हसला, काकांनी कढईवरून विजयाची पळी उंचाविली, आणि खाशांचे तोंडचे पाणी पळाले.

हे सातिबाल्दी आजोबांस पाहवेना. नातवाची अब्रू वाचवावी या दयेने ते काठी टेकीत पुढे आले आणि “दमलास रे पोरा, बस” म्हणोन मायक्रोफोन हाती घेतला. खाशांनी लाजेने पाय दाबून पेटीतले सर्व पुसिले, पण भयाने बोटे मात्र तारांवर हळूहळू चालतच राहिली. तोच आजोबांची काठी नेमकी पेटीवर टेकली आणि तांबडा दिवा लागला, आणि आजोबा बोलले:

“पोराचा रस्ता मोकळा असू दे. चुलीतला विस्तव विझू नये. गेलेले परत येवोत, आलेले पोटभर जेवोत. ओमीन!”

अवघ्या मंडपाने तोंडावरून हात फिरविले आणि पोटभर न जेवता अवघा मंडप उठला. काका गरजले, “अरे बसा! घोडा अजून शिजायचाय!” पण ओमीनपुढे घोड्याची काय मातब्बरी? बुरुल मावशीने एक बूट घातलाही. पण आजोबांनी ओमीनसरशी परतण्याकरिता काठी उचलून फिरून टेकली होती, ती पेटीवरच, आणि हिरवा दिवा लागला होता; गलका ओसरताच तारांच्या नादासह आजोबांचा आवाज ऐकू आला: “पोराचा रस्ता मोकळा असू दे...”

मंडळी जागच्या जागी बसली, तळवे पसरिले, ओमीन म्हणाली, तोंडे पुसली आणि उठली. आणि फिरून रस्ता मोकळा, आणि फिरून बसली. मावशीचा एक बूट पायात, एक हातात. काकांनी घाईत पळीसकट हात तोंडावरून फिरविले आणि रश्शाने न्हाले.

“बंद कर ती पेटी!”

“आके, चोंगाता बोलतायत. तुम्हीच करा बंद.”

काकांनी पाय उचलिला. तोच “चुलीतला विस्तव” आला, आणि काकांनी पाय अदबीने खाली ठेविला. ओमीन संपताक्षणी दाबावी म्हटले, तर ओमीन आणि रस्ता यांमध्ये फटच नव्हती, कारण पेटीचा धर्मच तो.

अशा गर्दीत एकटा उलुकमान स्वस्थ उभा राहून ऐकत होता. आजवर पेटीने त्याचेच त्याला ऐकविले होते. आता त्यात दुसऱ्याचा श्वास होता, आणि “गेलेले परत येवोत” हे शब्द आले की त्यास मॉस्कोस गेलेला ढोलवाला आठवे. मग त्याने डोळे मिटले आणि दुसरे कडवे, जे हिवाळाभर सापडले नव्हते, ते उभ्या उभ्या गायिले:

“ढोलवाला दूर गेला, विटा रचतो बर्फात,
त्याची थाप राहिली रे माझ्या चार बोटांत.”

आणि वर आजोबांचे ओमीन पडले. तेव्हा मंडळी उठली नाही. त्या मंडपात ऐसे घर नव्हते की ज्याचे कोणी मॉस्कोस नाही. बुरुल मावशीचे दोन्ही मुलगे तिकडेच. तिने हातातला बूट मांडीवर ठेविला आणि उघड रडली. मग तिसरे कडवे निघाले, आणि प्रत्येक ओमीन पहिल्याहून मोठे होत गेले, आणि मातोश्री गुलसाना खांबास टेकून नुसत्या पाहत राहिल्या.

काका मात्र कळवळले, “चांगलंय रे, पण संपव की! मांसाचा लगदा झाला!”

तेव्हा आजोबा वदले, “माझाच आवाज ना तो? मग त्याला मीच गप्प करतो. कुठं दाबायचं?”

“इथे, चोंगाता. ओमीन झालं की झटकन दोनदा.”

आजोबांनी काठी नातवाकडे दिली, बुटासकट पाय उचलिला, आपलेच बोलणे लक्षपूर्वक ऐकिले, आणि ओमीनवर दोनदा दाबिले. पेटी मुकी जाहली. त्या शांततेत उलुकमानने एकच तार छेडली, ती विरेपर्यंत हात उचलिला नाही, आणि गाणे संपले. प्रथम तळवे तोंडावरून फिरविले ते काकांनी. मग भानावर येऊन तक्रार गुदरली की, शेवट चोंगातांनी केला, पोराने नव्हे.

“जोल्दोश, तुझ्या दुकानाचं शटर रोज तुझी बायको ओढते. करू का दुकान तिच्या नावावर?”

काका कढईकडे वळले. मग आजोबांनी फर्माविले की, आधीची सर्व ओमीने रद्द, आणि जेवल्याशिवाय उठेल त्याची आपल्याशी गाठ आहे. लगदा जाहलेले मांस मंडळींनी बोटे चाटून खाल्ले.

दुसरे दिवशी खाशांनी नवे गाणे भरण्याकरिता पेटी पुसावयास पाय ठेविला, तो काकांनी मागून येऊन मानगूट धरली.

“ते पुसलंस तर तंगडी मोडीन. म्हाताऱ्याचा आवाज परत कुठून आणशील? दुसरी पेटी घे. पैसे माझे.”

येणेप्रमाणे उलुकमानाची फत्ते जाहली, गिटार त्याजकडे बहाल राहिली, केस खांद्यावर कायम, आणि टायरांनी पाऊल मागे घेतले. नवी पेटी काकांच्या पैशाने आली, आणि तीवर केलेली गाणी सुरू होतात आणि संपतात. जुनी पेटी आजोबांचे दस्तरखानाशी ठेविली आहे. जेवणाअंती बोलावयाचा कंटाळा आला की ते बुटाने दाबितात आणि आपल्याच आशीर्वादास आपणच तळवे पसरून ओमीन म्हणतात. हकीकत लिहिली ती खरी. कागदावर शिक्का नाही, आजोबांचे बुटाचा ठसा आहे, तोच मोर्तब समजावा.