झिपऱ्यांची बंदूक

बाळांनो, एका जंगलात झिपरे आडनावाचं अस्वलांचं घराणं राहत होतं. ओढ्याच्या अलीकडे झिपरे, पलीकडे वाघ. वाघ ओढा कधी ओलांडत नसे, कारण झिपऱ्यांच्या घरात बंदूक होती.

ती पणजोबांनी मिळवलेली. त्यांना बघून एक शिकारी झाडावर चढला आणि बंदूक खालीच राहिली. पणजोबाही झाडावर चढले असते, पण ते नुकतेच जेवले होते.

तेव्हापासून दर खंडेनवमीला बंदुकीची पूजा होई. नळीचं तोंड रिकामं ठेवू नये, असा झिपऱ्यांचा कुळाचार. म्हणून प्रत्येक पिढीने नळीत कुंकू, अक्षता आणि पळीभर पंचामृत घातलं. बार मात्र कुणीच काढला नाही. तरी तिच्या धाकावर अलीकडची हरणं आणि ससे निवांत चरत.

आता घरचे कर्ते होते गुणाजीराव. स्वभावाने गरीब, पण बोलणं मनाला लावून घेणारे.

एकदा फांदीवरून वानर म्हणाला, "काय गुणाजीराव, यंदा बंदुकीला नैवेद्य काय? पुरण पचतं ना तिला?"

गुणाजीरावांनी हातातला घास ताटात ठेवला. त्यांनी लगेच साळिंदर लोहाराला बोलावणं धाडलं.

तानूबाई, म्हणजे त्यांची बायको, म्हणाल्या, "अहो, कशाला तिला डिवचता? ती गप्प आहे म्हणून वाघ गप्प आहे."

"गप्प नाही, मुकी आहे ती. चारचौघांत बरं दिसत नाही."

साळिंदराने पाठीचा एक काटा उपटला आणि नळीत सारला. आधी अक्षता आल्या. मग वाळका झेंडू, मग कुंभारमाशीचं घर. शेवटी पंचामृताचा दगड झालेला गोळा.

"रावसाहेब, बंदूक आहे की देव्हारा?" साळिंदर म्हणाला.

तानूबाईंनी गोळा पानावर घेतला आणि कपाळाला लावला.

साळिंदराने गंज घासला, चाप बसवला, शिसवीचा नवा दस्ता लावला. बंदूक आरशासारखी लखलखली. गुणाजीरावांनी तिच्यात बघून केससुद्धा विंचरले.

दसऱ्याला सगळं जंगल जमलं. समोर खडकावर मडकं ठेवलं. पलीकडच्या झुडपात वाघही येऊन बसला, डोळे गच्च मिटून.

साळिंदराने दारू-गोळी ठासून दिली आणि गुणाजीरावांनी चाप ओढला. मोठा आवाज झाला. गुणाजीराव मागे चिखलात पडले. मडकं जिथल्या तिथे होतं. गोळी कुठे गेली, ते अजून कुणाला कळलेलं नाही.

वाघाने एक डोळा उघडला. मग दुसरा. मग तो ओढा ओलांडून सावकाश अलीकडे आला.

"गुणाजीराव," तो अदबीने म्हणाला, "मडकं थोडं जवळ सरकवू का?"

हरणांनी त्याच दिवशी बिऱ्हाड हलवलं. ससेही गेले. सगळ्यांच्या पुढे वानर होता.

गुणाजीराव बंदूक घेऊन साळिंदराकडे धावले. "बाबा रे, पहिल्यासारखी करून दे हिला."

साळिंदराने बंदूक उलटीपालटी करून पाहिली.

"गंज उतरवायचं काम माझं," तो म्हणाला. "चढवायचं मला जमत नाही. त्याला पिढ्या लागतात."

तात्पर्य : घरातली जुनी वस्तू जरूर दुरुस्त करून घ्यावी. फक्त ती चालते का, हे कधी बघू नये.