किटलीबाईचा हरवलेला आवाज

एका जंगलात, बाळांनो, एक पडदा होता. दोन बांबूंमध्ये ताणून बांधलेलं पांढरं कापड, बस्स. पण त्याच्यासमोर अख्खं जंगल जमायचं.

झुंबरमामा नावाचं माकड संध्याकाळी आपलं यंत्र आणायचं आणि मूठ फिरवायचं. पडद्यावर किटलीबाई यायच्या. त्यांना दोन बारीक पाय होते आणि त्या कपबश्यांबरोबर नाचायच्या. खाली गाण्याचे शब्द उमटायचे. त्या शब्दांवर एक लाल चेंडू टुणटुण उड्या मारायचा. चेंडू ज्या शब्दावर पडेल, तो शब्द सगळ्यांनी म्हणायचा.

किटलीबाई किटलीबाई, वाफ कुठं गेली?
ढगाकडं चहा घेऊन गेली गेली गेली!

वाघ म्हणायचा, ससा म्हणायचा, लबाड कोल्हासुद्धा अगदी मनापासून म्हणायचा.

शिंगाप्पा नावाचा गवा आणि त्याची बायको तानूबाई हमखास पुढे बसायची. तानूबाईचं एक होतं. चेंडूच्या मागे पळता पळता तिला नेहमी उशीर व्हायचा. सगळे थांबले, की तिचा एकटीचा चौथा 'गेली' यायचा. मग जंगल खो खो हसायचं, आणि सगळ्यात जास्त तानूबाईच हसायची.

पुढे काय झालं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. जंगलात चकचकीत पानं आली. ज्याचं त्याचं पान, ज्याचं त्याचं झुडूप, ज्याची त्याची करमणूक. पडदा गुंडाळला गेला. तानूबाईही गेली.

मग एके दिवशी पिसाजीराव मोरांना गहिवरून आलं. त्यांना गहिवरून आलं, की ते सगळ्यांना कळवतात. आपल्या पानावर त्यांनी लिहिलं, "काय ती आमच्या काळची कार्टून! काय तो आवाज!" बघता बघता प्रत्येक झुडपातून उसासे ऐकू येऊ लागले. कुणी म्हणालं, तो आवाज कोकिळेचा होता. कुणी म्हणालं, छे, बुलबुलाचा. इतका गोड आवाज पुन्हा झाला नाही, यावर मात्र एकमत झालं.

एकमत झालं, की समिती होते. पिसाजीराव अध्यक्ष झाले. काटेकर नावाचं साळिंदर चिटणीस झालं, कारण त्याच्याशी वाद घालायला कुणी जवळ जात नसे.

शिंगाप्पा लगबगीनं समितीकडे आला. "लई चांगलं काम करताय बघा," तो म्हणाला. "मला ते गाणं एकदा म्हणायचं हाय, सगळ्यांच्यात बसून. घरी म्हणून बघितलं. पण एकट्यानं म्हटलं की त्याचा हंबरडा होतो. चारजण लागतात त्याला."

"या ना, आप्पा," पिसाजीराव म्हणाले. "आपल्यासारख्या जुन्या रसिकांसाठीच तर चाललंय हे सगळं."

खेळाचा दिवस उजाडला. पडदा धुऊन बांधला. दाराशी पाटी लागली: 'हा आपला अमूल्य ठेवा आहे. खेळ चालू असताना कोणीही आवाज करू नये.'

झुंबरमामानं मूठ फिरवली. किटलीबाई आल्या, नाचल्या. चेंडू उडू लागला. सगळे कान टवकारून बसले. पण आवाजच येईना!

"मामा, आवाज कुठे गेला?" पिसाजीराव ओरडले.

"आवाज यात कधी नव्हताच की," झुंबरमामा म्हणाला. "तो तुम्ही काढत होता."

सगळे हसले. म्हातारा विसरभोळा झालाय, असं ठरलं.

शिंगाप्पाला काही ऐकू येत नव्हतं. त्याचं सगळं लक्ष चेंडूवर होतं. त्यानं तोंड उघडलं आणि आपल्या भरड आवाजात सुरू केलं, "किटलीबाई किटलीबाई..."

"शूऽऽ!" काटेकरनं काटे फुलवले. "आप्पा, शोभतं का हे? आम्हाला मूळ गाणं ऐकायचंय."

"आरं, पण मूळ गाणं आम्हीच..."

तेवढ्यात मागे बसलेली रानडुकरिणीची पिल्लं ओरडली, "वाफ कुठं गेली?" त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. चेंडू उडत होता, ती वाचत होती.

मग काय विचारता! हल्लीची पिल्लं, हल्लीचे संस्कार, ठेव्याची विटंबना. काटेकरनं पिल्लांना बाहेर काढलं, आणि त्यांच्याबरोबर शिंगाप्पालाही. बिचारा मान खाली घालून निघाला. मला विचाराल तर मी त्या साळिंदराला चांगला फोडून काढला असता, पण हात कुठे लावणार?

बाहेर म्हणजे पडद्याच्या मागे. तिथूनही किटलीबाई दिसत होत्या. अक्षरं मात्र उलटी. पिल्लांना एक शब्द वाचता येईना.

"आजोबा, आता कसं म्हणायचं?"

"चेंडू दिसतोय नव्हं?" शिंगाप्पा म्हणाला. "चेंडूवर नजर ठेवा. शब्द मी सांगतो."

तो एक ओळ सांगे, पिल्लं ती उचलत. हळूहळू चाल जमली. मग सगळ्यांनी मिळून घसा ताणला:

"ढगाकडं चहा घेऊन गेली गेली गेली!"

सगळे थांबले. आणि सगळ्यात धाकट्या पिल्लाचा, एकट्याचा, उशिरा आला.

"गेली!"

पिल्लं खो खो हसली. शिंगाप्पा हसला नाही. त्याचे डोळे भरून आले होते.

"त्येला हसू नका," तो म्हणाला. मग स्वतःच हसू लागला. "न्हाई, हसा. हसायचंच असतंय तिथं. पुन्हा म्हणू या."

पडद्याच्या पुढे सगळे थक्क होऊन बसले होते.

"आला! मूळ आवाज आला!" पिसाजीरावांनी पिसाऱ्यानं डोळे पुसले. "आणि तो शेवटचा, उशिराचा 'गेली' ऐकलात? अगदी तोच! हल्लीच्या पिल्लांना जमेल का हे?"

"त्यांचं नावच काढू नका," काटेकर म्हणाला.

झुंबरमामानं रीळ पुन्हा पहिल्यापासून लावलं.

तात्पर्य: जुनं गाणं जपायचं असेल, तर ते गाणाऱ्यांना आधी बाहेर काढावं. मात्र फार लांब पाठवू नये.